सासू खोलीत राहील

मी प्रश्न सुनेला विचारायचे आणि उत्तर सासू द्यायची.

"पाळी कधी चुकली?"

"शिमग्याच्या आदी," सासू म्हणाली.

"जेवण जातं का?"

"जातंय की. दोन भाकरी खातीया."

"बाळ हलतं का गं?" या वेळी मी मुद्दाम वाकून सुनेच्या डोळ्यांत बघत विचारलं.

"हलतंय," सासू म्हणाली. "चांगलं ढुशा देतंय."

सून वीस-बावीस वर्षांची असेल. तपासणीच्या टेबलाच्या कडेला बसून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. सासू आमच्या दोघींच्या मध्ये उभी. उंच, काटक बाई. नऊवारी लुगडं, हातावर गोंदण, आणि नजर माझ्या हातांवर खिळलेली. मी हातमोजे घातले की हातमोज्यांकडे बघायची, ट्रेमधून काही उचललं की त्याच्याकडे.

नेरे गावाच्या पुढं डोंगराच्या उताराला त्यांची वस्ती. मेंढरं, चार शेळ्या, थोडा भात. मुलगा एका मोठ्या सोसायटीच्या बागेत कामाला जायचा. हे सगळं मला त्या भागातल्या आशाताईंनी सांगितलं होतं. घरोघरी फिरून गरोदर बायकांना दवाखान्यात आणणं हे त्यांचं काम, त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना ठाऊक असायचं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि ती सासू हाय ना, ती सुईण हाय. जुनी. वस्तीवरची निम्मी पोरं तिच्याच हातची."

ते ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या वेळी मी स्वतःच सुईणपण शिकून आले होते. म्हणजे बरीच वर्षं नर्स म्हणून नोकरी केल्यावर सरकारनं मला मिडवाइफच्या प्रशिक्षणाला पाठवलं. दीड वर्षाचं प्रशिक्षण. ते संपवून मुळशीतल्या या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. ज्या बाईला काही गुंतागुंत नाही तिचं बाळंतपण डॉक्टरांऐवजी आम्ही करायचं, आणि काही वावगं दिसलं तर वेळेत डॉक्टरांना हाक मारायची, असं ते काम. घरी, जांबे गावात, हे कुणालाच पटलं नव्हतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "लोकं शिकून मोठी व्हत्यात, तू शिकून सुईण झालीस." वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या आयटीतल्या मुलीला मात्र 'मिडवाइफ' हा शब्द फार आवडला. तिनं मला खूप प्रश्न विचारले, कौतुक केलं, आणि स्वतःचं नाव बावधनच्या मोठ्या हॉस्पिटलात नोंदवून आली.

दवाखान्यात तर रोजचंच. कुणी बाई कळा देत आली की नातेवाईक माझ्या खांद्यावरून मागं बघायचे. "डॉक्टर कुटं हायेत?" मी आहे म्हटलं की चेहरे पडायचे. जुन्या नर्सा आपापसात कुजबुजायच्या. डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान, कामाला चोख, पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सिस्टर, तुमच्या ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं असेल ते असो. काही झालं तर जाब मला विचारणार."

प्रशिक्षणात आम्ही रबरी बाहुल्यांवर शिकलो, मग खऱ्या बायांवर. नुसत्या हातानं पोटावरून बाळाची पाठ कुठं, डोकं कुठं ते ओळखायचं. ठोके ऐकायचे. बाईला टेबलावर उताणी जखडून ठेवायचं नाही, हिंडू द्यायचं, बसू द्यायचं. आमच्या शिक्षिका सारखं बजावायच्या की प्रत्येक बाईशी एकदा तरी एकांतात बोला. घरची माणसं समोर असली की बाई खरं सांगत नाही.

आणि इथं तर सासू हलायला तयार नव्हती.

पुढच्या तपासणीला मी पोट बघायला पदर बाजूला केला, तर तेलाचा वास आला. बरगड्यांच्या खाली दोन्ही बाजूंना पुसट निळे डाग होते.

"हे कशानं झालं?"

सून गप्प. सासू म्हणाली, "चोळलंय. कंबर धरली हुती तिची."

"कंबर मागं असते, मावशी."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कोण लागून गेले. मी वेगळा मार्ग काढला. "मावशी, जरा बाहेरून पाण्याची बाटली भरून आणता का?"

"तान कुनाला लागलीया?" ती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

त्या गेल्यावर आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पहिली मुलगी आहे ना तिला? मग समजून जा. शेवटच्या महिन्यात ही माणसं यायची नाहीत. घरी करतील, बिघडलं की पळत आणतील आणि खापर आपल्यावर."

मी समजून गेले. म्हणजे तसं मला वाटलं. डाग म्हणजे मारहाण, नाहीतर पोटाशी काहीतरी खेळ. सुनेचं गप्प बसणं म्हणजे भीती. सासूचं उभं राहणं म्हणजे पहारा. कुठंतरी चोरून सोनोग्राफी केली असेल का, असंही मनात येऊन गेलं. आठव्या महिन्यातली तपासणी त्यांनी चुकवली तेव्हा तर माझी खात्रीच झाली. मी आशाताईंना म्हटलं, मला त्यांच्या घरी घेऊन चला.

आशाताईंच्या स्कूटरवरून आम्ही निघालो. नव्या इमारतींच्या मधून गेलेला रस्ता एका वळणावर संपला, पुढं मुरमाची वाट. काटेरी कुपाटीच्या आत मेंढरांचा वाडा, पलीकडं पत्र्याचं घर. उतारावरून हिंजवडीच्या काचेच्या इमारती दिसत होत्या. सासू दारातच बसली होती.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "काय बघायचं हाय माज्या घरात?"

"तपासणीला आला नाहीत म्हणून आले."

"पोराला सुट्टी न्हाई घावली. चालत यायचं का तिनं, आटवा लागलेल्या बाईनं?"

तेवढ्यात खालून ओरडा झाला. त्यांची एक शेळी शेजारच्या प्लॉटच्या तारेतून आत शिरली होती आणि तिथला पहारेकरी हिंदीत शिव्या घालत होता. सासू काठी घेऊन उतारावरून पळत सुटली. पहारेकरी ओळखीचा म्हणून आशाताईही मागोमाग गेल्या. इतके आठवडे मला हवी होती ती संधी एका शेळीनं दिली.

सून चुलीपुढं बसली होती. तिची तीन वर्षांची मुलगी मांडीत. मी जवळ बसले. "खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही. तुला घरात कुणी मारतं का?"

तिला प्रश्नच कळला नाही आधी. "कोन मारंल?"

"सासू. त्या तुला बोलू देत नाहीत. एकटीला सोडत नाहीत."

"आत्या?" सासूला ती आत्या म्हणायची. ती माझ्याकडं बघत राहिली. मग मुलीच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाली, "आत्यांला मीच सांगितलंय. म्हनलं, दवाखान्यात मला एकटीला सोडू नका. एक मिनिट बी न्हाई."

आणि इतके दिवस गप्प असलेली ती बाई बोलायला लागली. ही मुलगी झाली तेव्हा ती माहेरी होती. तिकडच्या एका दवाखान्यात नेलं. आईला दाराबाहेर ठेवलं. आत तिला टेबलावर झोपवून पाय अडकवले. कळ आली की ती ओरडायची, म्हणून एका बाईनं मांडीवर फटके मारले. दुसरी म्हणाली, नवऱ्याजवळ निजताना नाही का ओरडलीस. ती पाणी मागत होती, कुणी दिलं नाही. "मला वाटलं, हितंच मरनार मी आन भाईर कुनाला कळनार बी न्हाई." हे सांगताना तिचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मुलगी मांडीत पेंगत होती.

"मी तुमच्याशी बोलत न्हाई ते भ्यानं," ती म्हणाली. "तुमच्या भ्यानं."

अशा खोल्या मी पाहिलेल्या होत्या. तिला मी एवढंच म्हटलं की आमच्याकडं असं होणार नाही. आणि म्हणता म्हणताच कळलं, की हे वाक्य तिकडच्या कुणीही सहज म्हटलं असतं.

आशाताईंबरोबर सासू शेळीला कानाला धरून घेऊन आली. आम्हा दोघींना बोलताना बघून थबकली.

"सांगितलंस का समदं?" तिनं सुनेला विचारलं. सुनेनं मान हलवली. सासू माझ्या समोर येऊन बसली. "मंग आता कळलं का, मी का हलत न्हाई ते?"

"कळलं," मी म्हटलं. "पण पोट का चोळता? ते डाग?"

"लेकरू आडवं हाय. माज्या हाताला लागतंय."

मी सुनेला गोधडीवर झोपवलं आणि पोट तपासलं. खाली कठीण, गोल डोकं व्यवस्थित हाताला लागत होतं. "डोकं खाली आहे, मावशी. बघा तुम्ही."

तिनं माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला. बराच वेळ चाचपलं. मग हात काढून घेत म्हणाली, "मंजी फिरलं. म्याच फिरवलं."

आता ते आपोआप फिरलं, का आधीपासून तसंच होतं, का खरंच तिच्या चोळण्यानं फिरलं, हे मी कसं सांगणार? पण चोळणं थांबायलाच हवं होतं. जोरात दाबलं तर बाळाला पोसणारी आतली वार सुटते, पोटातल्या पोटात रक्त जातं, आई आणि बाळ दोन्ही जीव जातात, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, वार कशी सुटते, कळणार कसं. शेवटी म्हणाली, "आमाला न्हाई कुनी सांगितलं ह्ये. टरेनिंगमदी."

"कुठल्या ट्रेनिंगमध्ये?"

"तुलाच येकटीला दिलंय का काय?" ती पहिल्यांदाच हसली, पण ते हसू काही गोड नव्हतं. "मला बी बोलावलं हुतं तालुक्याला. लई वर्सं झाली. तुज्यावानीच बाई हुती शिकवायला. हात धुवा म्हनली, नवं बिलेड वापरा, दोरा उकळा. एक पत्र्याची पेटी दिली. मी समदं केलं तसं. मंग दुसरी बाई आली, म्हनली आता बाळतपनं करायची न्हाईत, दवाखान्यात धाडा. बास. पेटीत मेंढरांची औषिदं ठिवती आता मी." तिनं माझ्याकडं बोट केलं. "आज तुला शिकवलंय. उंद्या तुला बी म्हनतील, बंद कर."

दवाखान्यातली कुजबुज मलाही ऐकू येत होती.

"मावशी, तिला घरी ठेवू नका," मी म्हटलं. "कळा सुरू झाल्या की आणा. तुम्ही तिच्याजवळ राहाल, शेवटपर्यंत. खोलीत."

"आत न्हेशील आन दार लावशील."

"नाही लावणार."

"तुज्या लेकराची शपत घे."

आशाताई म्हणाल्या, अहो असं काय मावशी. पण मी शपथ घेतली. परत येऊन डॉक्टर मॅडमना सांगितलं की या बाईची सासू खोलीत राहील. आम्हाला शिकवलंच आहे तसं, बाईला हवी ती सोबतीण द्यायची. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सासू? आणि तीही सुईण? उद्या ती मध्ये पडली तर?"

"मी बघेन."

"बघा मग," त्या म्हणाल्या. तो होकार होता की ताकीद, मला कळलं नाही.

ती आली थंडीतल्या एका सकाळी, भाजीच्या टेम्पोत बसून. सासूनं आल्या आल्या खोलीचं दार उघडून आत नजर टाकली, टेबल बघितलं, खिडकी बघितली, कोपऱ्यातल्या कपाटात काय आहे विचारलं. मग सुनेला आत घेतलं. मोठ्या सिस्टरनी सवयीनं म्हटलं, "आजी, तुम्ही बाहेर थांबा." सासू माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "त्या आत राहतील."

दुपारपर्यंत सून व्हरांड्यात हिंडली. मग टेबलावर झोपली तर कळा मंदावल्या. मी खाली सतरंजी घातली, तिला गुडघ्यांवर बसवलं आणि सासूच्या गळ्यात हात घालायला सांगितलं. कळ आली की ती सासूच्या खांद्यात तोंड खुपसून हुंकारायची. सासू तिची पाठ धरून होती. तेवढ्यात डॉक्टर मॅडम आत आल्या.

"हे खाली काय चाललंय, सिस्टर?"

"वर कळा येत नव्हत्या, मॅडम. आता चांगल्या येतायत. ठोके नीट आहेत."

त्यांनी यंत्र घेऊन स्वतः ठोके ऐकले. नंतरच्या कळेला पुन्हा ऐकले. मग भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. एकीकडून त्या, दुसरीकडून सासू. दोन्ही नजरा माझ्या हातांवर.

बाळ आलं, रडलं. मुलगी. सुनेला मागं टेकवून मी बाळ तिच्या छातीवर ठेवलं. नाळ कापायच्या आधीच सासूनं कनवटीतून काळ्या लोकरीचा दोरा काढला आणि बाळाच्या पायात बांधला. "अदलाबदल व्हतीया," ती म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. दुसरी मुलगी झाल्याचं काही दिसतंय का तिथं? "पोरगी हाय," एवढंच ती म्हणाली. मला काही उमगलं नाही.

मी बाळंतपणानंतरचं इंजेक्शन उचललं. सासूनं झटकन माझं मनगट पकडलं.

"ही सुई कसली? लेकरू तर झालं."

"रक्तस्राव होऊ नये म्हणून, मावशी."

"खोटं. न सांगता तांबी बसवत्यात तुमी. मूल व्हऊ नये म्हून. मला ठावं हाय."

"तांबी सुईनं बसत नाही, मावशी. आणि ती तिला विचारल्याशिवाय कुणी बसवणार नाही." मी औषधाची फुटकी कुपी तिच्यापुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं. डॉक्टर मॅडम पुढं झाल्या. मला वाटलं, आता सगळं फिसकटणार.

"आत्या, हात सोडा त्यांचा," खालून आवाज आला. सून बाळाला कवटाळून बसली होती, घामानं डबडबलेली. "द्या तुमी सुई. मी सांगतीया, द्या."

सासूनं हात सोडला.

मी सुई दिली. थोड्या वेळानं वार पडली. आणि त्यानंतर रक्त जायला लागलं, जायला हवं त्यापेक्षा जास्त. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय सैल लागलं, पिठाच्या ओल्या गोळ्यासारखं. मी "मॅडम" म्हणेपर्यंत त्यांनी बाही वर केली होती. मी पोट जोरजोरानं चोळायला लागले.

"आता तू चोळतीस व्हय?" सासू किंचाळली. "मला न्हाई म्हनलीस, आन आता तू चोळतीस?"

समजवायला वेळ नव्हता. डॉक्टर मॅडमनी सलाईन लावलं, आणखी औषध दिलं, माझ्या हाताखालून गर्भाशय हळूहळू आवळत गेलं. रक्त थांबलं. मोठ्या सिस्टर धावत येऊन बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या. सासू सुनेच्या उशाशी बसून तिचं कपाळ पुसत होती, आणि पुसता पुसता माझ्याकडं बघत होती.

सगळं निवळल्यावर मी तिच्याजवळ बसून सांगितलं. बाळ पोटात असताना चोळणं घातक, वार पडल्यावर गर्भाशय आवळावं म्हणून चोळावंच लागतं. काही बायांना असं रक्त जातं, सुई दिली नसती तर याहून जास्त गेलं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सुईनंच झालं," ती म्हणाली. "सुईच्या आदी काय बी न्हवतं."

डॉक्टर मॅडमनी त्या दिवशी मला चहा पाजला. "वेळेत हाक मारलीत," म्हणाल्या. पण पुढच्या बाळंतपणालाही त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि त्याच्या पुढच्यालाही.

पुढं मी वस्तीवर गेले बाळंतिणीला बघायला. बरोबर बाळाचं वजन करायचा काटा होता. सून अंगणात उन्हाला बसली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. "जेवण जातं का?" विचारलं तर तिनंच सांगितलं काय काय खाते ते. मी बाळाचं दुपटं सोडलं, छाती बघितली, पाय बघितले, ओठ कोरडे आहेत का बघितलं. सासू वाड्याच्या कुपाटीपाशी उभी होती.

"बघ, बघ," ती म्हणाली. "जिती हाय."

मी काय बघायला आले ते तिला बरोबर कळलं होतं. पोरगी म्हणून आबाळ होते आहे का, हेच बघत होते मी. बाळाचं वजन चांगलं वाढलं होतं. मी तसं सांगितलं. ती मेंढरांकडं वळली.

मला वाटलं, ही बाई पुन्हा काही आमच्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. पण अलीकडंच एका सकाळी तपासणीच्या रांगेत ती दिसली. बरोबर तिच्या बहिणीची सून, पोट पुढं आलेलं, आणि त्या पोरीची आई. माझं नाव तिला माहीत नव्हतं, तिनं लांबूनच माझ्याकडं बोट केलं आणि त्या पोरीच्या आईला म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "हिच्याकडंच दाव. हात चांगला हाय हिचा. पर आत बस तिच्याजवळ. नजर ठेव."

ती आई आत आली, स्टूल ओढून टेबलाला चिकटून बसली आणि माझ्या हातांकडं बघायला लागली. मी हातमोज्यांचं पाकीट तिच्यासमोर धरून फोडलं आणि पोरीला विचारलं, "बाळ हलतं का गं?"